आडोसा

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन वास दरवळू लागतात. एक स्वयंपाकघरातून येणारा चकलीच्या भाजणीचा आणि दुसरा पडवीतून येणारा, सायकलच्या साखळीला लावायच्या तेलाचा. पहिल्या वासाविषयी घरात दुमत नाही. दुसऱ्याविषयी मात्र आहे. पंचेचाळिशीला टेकलेल्या, चष्मा लागलेल्या आणि मुलांना मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने तंग विजार चढवून भल्या पहाटे रस्त्यावर का जावे, हा आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न आहे. आणि गेली सात वर्षे मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आलेले नाही.

उत्तर नसले तरी हंगाम यायचा थांबत नाही. युरोपात सायकलशर्यतींचा हंगाम हिवाळा सरता सरता सुरू होतो. पॅरिस–रूबे ही १८९६ साली सुरू झालेली, दगडी फरसबंदीच्या रस्त्यांमुळे गाजलेली शर्यत सहसा एप्रिलात होते. आपल्याकडे हंगाम येतो तो पावसाच्या पाठोपाठ. चार महिने भिंतीला टेकून राहिलेली सायकल पुढे ओढायची, साखळीवरचा तांबडा गंज पुसायचा, चाकांत हवा भरायची, आणि आपल्या मांड्यांवरही असाच गंज चढला आहे हे पहिल्याच चढावर ओळखायचे. त्याच सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, कडेला पाचट पसरते. पावसाने पाडलेले खड्डे अजून बुजलेले नसतात. अशा दिवसांत होणाऱ्या पहिल्या दोनतीन शर्यतींत कोणीच पुरता तयार नसतो, आणि म्हणूनच मला त्या आवडतात. तयारीच्या माणसाला आपले दोष झाकता येतात. अर्ध्या तयारीच्या माणसाचा स्वभाव उघडा पडतो. माझा तसा पडला, त्याचीच ही हकिगत आहे.

माझ्या हंगामाची दोन टोके आहेत, सातारा आणि सांगली. सातारा म्हणजे चढ. समर्थ मंदिरावरून गाव मागे टाकले की यवतेश्वराचा घाट लागतो. त्याच रस्त्याने पुढे कासचे पठार आहे. पण आमची सायकल तिथवर पोचेपर्यंत तिथली फुले सुकून गेलेली असतात. घाटात वेग इतका मंदावतो की वाऱ्याचा अडथळा फारसा जाणवतच नाही. तिथे तुमचे भांडण असते ते तुमच्याच वजनाशी. दिवाळीत खाल्लेला प्रत्येक अनारसा तिथे साक्षीला उभा राहतो. पुढच्याच्या मागे लपून फारसे काही साधत नाही. घाट हा प्रामाणिक परीक्षक आहे. तो प्रत्येकाची उत्तरपत्रिका वेगळी तपासतो.

सांगली म्हणजे सपाटी. या भागाला कुस्तीचा नाद आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण सायकलचाही तेवढाच आहे. बोरघाट चढून जाणाऱ्या मुंबई–पुणे शर्यतीच्या विजेत्यांत सांगलीची नावे पुन्हा पुन्हा भेटतात. सपाट रस्त्यावर ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगाला सायकलस्वाराची बहुतेक ताकद खर्ची पडते ती वारा कापण्यात. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडसर चौपट होतो. अशा वेळी पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर राखून जो जातो, त्याचे पाव ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात. मुले त्याला ‘ड्राफ्टिंग’ म्हणतात. मी त्याला आपला साधा शब्द वापरतो, आडोसा. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१८ साली १२१ सायकलस्वारांच्या जथ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. जथ्याच्या पोटात दडलेल्या स्वाराला, तो एकटा जात असता तर जेवढा वारा लागला असता, त्याच्या अवघा पाच ते दहा टक्के लागतो असे त्यांना आढळले. म्हणून सपाटीवर एक न लिहिलेला करार असतो : थोडा वेळ तू पुढे, थोडा वेळ मी. नियमांच्या छापील कागदावर हा करार कुठेही नसतो. तो मोडल्याबद्दल कोणी बाद होत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातील गोष्ट. कऱ्हाडहून निघून पेठ नाक्यावरून आष्टामार्गे सांगलीकडे जाणारी एक शर्यत होती. खुला गट, पहिल्या दहांना रोख बक्षिसे. आष्टा मागे पडले तेव्हा पुढची नऊ माणसे दिसेनाशी झाली होती, मागचा घोळका बराच दूर राहिला होता आणि मधल्या ओसाडीत मी एकटा होतो. समोरून पूर्वेचा वारा तोंडावर येत होता. दोन्ही बाजूंना उभा ऊस असूनही तो वारा नेमका रस्त्याच्या नळीतून आल्यासारखा अंगावर यायचा. माझे पाय संपले होते. इतक्यात मागून आवाज आला, “सर!”

वळून पाहतो तो माझाच एक जुना विद्यार्थी. दहावीला मी त्याला शिकवले होते. पहाटे वर्तमानपत्रे टाकून मग शाळेत यायचा आणि पहिल्या तासाला हमखास डुलक्या काढायचा. सुरुवातीलाच त्याचे चाक फुटले होते. ते बदलून, मागच्या सगळ्यांना ओलांडत तो इथवर आला होता.

“सर, मागं लागा माझ्या. वारा लई हाय,” तो म्हणाला, आणि पुढे झाला.

मी मागे लागलो. आणि काय सांगू, वारा थांबला! श्वास जागेवर आला. उसावरचे तुरे दिसू लागले, एका मळ्यातल्या गुऱ्हाळाचा वाससुद्धा आला. पाच मिनिटांनी मी माझी पाळी घ्यायला बाजूला सरकलो. त्याने हातानेच ‘राहू द्या’ अशी खूण केली. आणखी काही वेळाने पुन्हा मनात आले की आता आपण पुढे व्हावे. पण ते मनातच राहिले. तो तरुण आहे, त्याला सवय आहे, त्यानेच नको म्हटले आहे, अशी कारणे एकामागून एक येऊन उभी राहिली. आळसाला कारणांचा कधी तोटा पडत नाही. सांगलीवाडी जवळ आली, फलक दिसला, बघ्यांचा गलका ऐकू आला, आणि मी, शपथेवर सांगतो, काहीही न ठरवता, त्याच्या चाकामागून बाहेर पडलो आणि अर्ध्या चाकाने त्याच्या आधी रेषा ओलांडली.

मी दहावा आलो. तो अकरावा.

ध्वनिक्षेपकावर जो गृहस्थ बोलत होता त्याला आमचे नाते कोणीतरी सांगितले असावे. “पहा! गुरुजींनी शिष्याला धडा दिला!” असे तो ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यावर कडी म्हणजे त्या मुलाने घामाघूम अवस्थेत वाकून माझ्या पायांना हात लावला. टाळ्या वाढल्या. मला हजार रुपयांचे पाकीट मिळाले. त्याच्या मागच्या चाकाचा टायर मला स्पष्ट दिसत होता, कारण तासभर मी दुसरे काही पाहिलेच नव्हते. तो झिजून गुळगुळीत झाला होता. पाकीट मी त्याच्यापुढे धरले तेव्हा तो दोन पावले मागे सरला.

“न्हाई सर. नियमात बसतंय की.”

हे वाक्य त्याने मनापासून म्हटले होते. त्यात टोमणा असता तर मला इतके लागले नसते.

नियमात बसते ते सगळे योग्य असते का? प्रश्न जुना आहे. पण जुना प्रश्न जेव्हा आपल्याच खिशात पाकीट होऊन बसतो तेव्हा तो नव्याने टोचतो. योगायोग असा की पुढच्याच सोमवारी मी वर्गात निबंध तपासत होतो. विषय होता ‘माझी आई’. एका मुलाने लिहिले होते की त्याची आई अंगणवाडीत शिकवते. त्याची आई बाजारात भाजी विकते हे मला ठाऊक होते, कारण आमच्या घरची मेथी तिच्याकडूनच येते. अंगणवाडीत शिकवणारी आई शेजारच्या मुलाची होती. मी त्याला उभा केला. तो म्हणाला, “सर, त्यानंच वही सरकवली माझ्याकडं.”

मी तोंड उघडले आणि तसेच मिटले. ‘त्यानेच नको म्हटले’ आणि ‘त्यानेच वही सरकवली’ यांत कितीसा फरक होता?

त्या रात्री मी बराच वेळ विचार केला. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये असे आपण म्हणतो. पण खरोखर ज्याने दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायले नाही असा माणूस आहे कोठे? पहिला घोट तर सगळ्यांनी तसाच घेतलेला असतो. आडोसा घेणे हे पाप असते तर आईच्या पदराखाली निजलेले प्रत्येक मूल पापी ठरले असते. निबंध हा घाट होता. तिथे ज्याची त्याची उत्तरपत्रिका वेगळी, म्हणून तिथे लपणे ही चोरी. पण आयुष्याचा बराचसा रस्ता सपाटीचा असतो, आणि सपाटीवर कोणीच एकट्याने वारा कापत नाही. गंमत अशी की, मागे कोणी जवळ असले तर पुढच्यालाही किंचित फायदा होतो. त्याच्या पाठीमागे जी हवेची पोकळी त्याला मागे खेचत असते, ती मागच्यामुळे थोडी भरून निघते. फायदा फार थोडा, दोनतीन टक्क्यांचा, पण आहे. म्हणजे निसर्गानेही हे नाते अगदीच एकतर्फी ठेवलेले नाही.

मग दोष कशात? आमच्याकडचा शेतकरी एक शब्द वापरतो : अंगचोर. जोडीतला एक बैल जू मानेवर घेतो, पावलाला पाऊल लावतो, पाहणाराला वाटते दोघेही ओढताहेत. पण ओझे घेतो तो दुसराच. अंगचोर बैल जू टाकून पळत नाही. तो कोणताच नियम मोडत नाही. तरी धनी त्याला ओळखतो. माझा धनी त्या दिवशी मीच होतो, आणि मला माझी मान दिसली होती.

सायकलच्या दुनियेत एक छायाचित्र फार प्रसिद्ध आहे. १९५२ सालच्या फ्रान्सच्या शर्यतीतले. गालिबिए नावाच्या घाटात इटलीचे दोन महान प्रतिस्पर्धी, फाउस्तो कोप्पी आणि जिनो बार्ताली, एकामागे एक चालले आहेत आणि एक पाण्याची बाटली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात आहे. दोघांचेही हात बाटलीवर आहेत. कोणी कोणाला दिली? इटलीतील माणसे यावर वर्षानुवर्षे हिरिरीने वाद घालीत आली. जणू बाटली देणारा तेवढा मोठा आणि घेणारा लहान. मला त्या चित्रात वेगळेच दिसते. घाट चढताना तहान दोघांनाही होती, आणि दोघांपैकी कोणीही त्या क्षणी हिशेब मांडीत नव्हता. हिशेब मांडला तो रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्यांनी. याच बार्तालीने दुसऱ्या महायुद्धात सायकलच्या नळीत बनावट ओळखपत्रे लपवून शेकडो किलोमीटर वाहून नेली आणि ज्यू लोकांचे जीव वाचवण्यास हातभार लावला. याविषयी तो स्वतः फारसा बोलला नाही. २००० साली तो वारला. आणि इस्रायलने त्याचा या कामाबद्दल गौरव केला तो २०१३ साली. देणारे बहुधा असेच असतात. त्यांच्या पाठी आपल्याला दिसतात, तोंडे दिसत नाहीत.

पाठीवरून मला माझ्या आत्याची आठवण झाली, आणि ही आठवण सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

शाळेच्या वर्षांत मी साताऱ्याला आत्याकडे राहायला होतो. ती निरक्षर होती. रात्री जेवणे झाली की ती वाती वळायला बसायची आणि वळता वळता गोष्टी सांगायची. कोणाच्या सुनेने कोणत्या विहिरीवर काय म्हटले, कोणता भाऊ कोणत्या बांधावरून कायमचा दुरावला, अशा त्या गोष्टी असत. बोलताना मान खाली, पाठ दिव्याकडे. पुढे मी पहिली कादंबरी लिहिली. लोकांना ती आवडली. परीक्षण करणारांनी माझ्या भाषेचे कौतुक केले. ती भाषा वातींसारखी आत्याच्या बोटांतून आली होती, हे त्यांना कुठून कळणार? आणि मला तरी कुठे कळले होते? गावाने सत्कार केला तेव्हा मी प्रकाशकांचे आभार मानले, मुख्याध्यापकांचे मानले, पत्नीचे मानले, मंडप घालणाराचेसुद्धा मानले. आत्या तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत होती. परत जाताना रिक्षात म्हणाली, “लई ग्वाड बोललास. चल बाबा आता, वाती वळायच्या राहिल्यात.” पुढच्याच पावसाळ्यात ती गेली.

तिचे नाव मी मुद्दाम टाळले नव्हते. मला ते आठवलेच नाही. त्या शर्यतीनंतर याचे कारण मला उमगले. आडोशात जो असतो त्याला वारा लागत नाही. आणि वारा लागत नाही म्हणून त्याला वाटते, आज वाराच नाही. आपण छान चाललो आहोत, पाय हलके पडताहेत, उसाचे तुरे सुंदर दिसताहेत, हे सारे आपलेच कर्तृत्व! कृतघ्नपणा हा दर वेळी दुष्टपणा असतोच असे नाही. पुष्कळदा तो निव्वळ वारा न लागल्याचा परिणाम असतो. म्हणून अधूनमधून आपणहून बाजूला सरकून तोंडावर वारा घेतला पाहिजे. त्यात पुढच्याला विसावा मिळतो हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तो इतका वेळ काय सोसत होता हे आपल्याला कळते.

काही दिवसांनी मी त्या मुलाच्या घरी गेलो. नवा टायर विकत घेऊन गेलो होतो. तो त्याने घेतला. आढेवेढे घेतले, पण घेतला. तरी माझे समाधान झाले नाही. मी म्हणालो, “अरे, याने फिटले असे मला वाटत नाही.” त्याने डोके खाजवले. मग हसून म्हणाला, “तसं कशाला सर? म्होरल्या खेपंला जरा येळ तुमी पुढं ऱ्हावा की. झालं!”

झालं! तीन ऋणांचा विचार करणाऱ्या आपल्या पूर्वजांनीही हेच सांगितले होते. पितृऋण बापाला पैसे मोजून फिटत नाही, ऋषिऋण गुरूला धोतरजोडी देऊन फिटत नाही. ज्या नाण्याने घेतले त्याच नाण्याने ते फेडावे लागते. दुधाचे ऋण दूध पाजून, विद्येचे विद्या देऊन आणि वाऱ्याचे वारा सोसून. टायर हे रबराचे होते. माझे देणे वाऱ्याचे होते.

म्हणून गेल्या वर्षी मी हट्टाने सराव केला. भर पावसाळ्यातसुद्धा सायकल भिंतीला लावली नाही. मनाशी एकच चित्र होते : आष्ट्याच्या पुढे तो मुलगा माझ्या मागे, आणि पूर्वेचा वारा माझ्या तोंडावर. शर्यत सुरू झाली आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच तो पुढच्या तुकडीबरोबर दिसेनासा झाला. नव्या टायरवर तो असा काही गेला की मला त्याची पाठसुद्धा दिसली नाही. फेडायची तयारी झाली तेव्हा सावकार गाव सोडून गेला होता. आत्याच्या बाबतीतही असेच झाले होते.

आष्टा ओलांडले. वारा तसाच होता, कदाचित जरा जास्तच. थोड्या वेळाने मागे कोणाचा तरी श्वास ऐकू येऊ लागला. वळून पाहिले. अठरा-एकोणीस वर्षांचा एक अनोळखी पोरगा, नवीन सायकल, पाय थरथरत होते, तोंड उघडे होते. पहिलीच शर्यत असावी. तो माझ्या मागच्या चाकाकडे असा पाहत होता, जसा बुडता माणूस काठाकडे पाहतो. “मागेच राहा,” मी ओरडलो. त्याने ऐकले की नाही कोण जाणे. पण तो राहिला. दिग्रज गेले, ऊस संपून मोकळी रानं आली, वारा आडवातिडवा झाला. तो पुढे आला नाही, एकदाही नाही. माझ्या मांड्या पेटल्या होत्या. आणि रेषा दिसल्याबरोबर तो माझ्या बाजूने सपकन निघून गेला. मागे वळूनही न पाहता.

खरे सांगतो, माझ्या तोंडात ‘अंगचोर’ हाच शब्द आला. तत्त्वज्ञान घरी बसून सुचते. रेषेपाशी पहिल्यांदा येतो तो राग. मी सायकल एका झाडाला टेकवली आणि तिथेच बसलो. सौभाग्यवतींनी बांधून दिलेला चिवडा बाहेर काढला. पलीकडे तो पोरगा आपल्या मित्राला शर्यतीची हकिगत सांगत होता. चेहरा आनंदाने नुसता फुलून आला होता.

“काय मजा आली राव!” तो म्हणत होता. “वारा असतोय म्हणून भ्या घातलं हुतं समद्यांनी. आज वारा न्हवताच की!”

मी त्याला काही बोललो नाही. आत्याही त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्याच वाजवीत होती. चिवड्याची पुडी मी त्या दोघांपुढे धरली.